रक्त कोणाचे?

निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली उतरला याची बातमी वर्तमानपत्रे आवर्जून छापतात आणि अशा पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर वर चढताना दिसतो. दहा-बारा वर्षांपूर्वी जानेवारीतल्या अशाच एका रात्री आमच्या दारावर थाप पडली. दारात आमचा एक जुना विद्यार्थी उभा होता.

"गुरुजी, तुमचा गट ओ पॉझिटिव्ह ना? एका बाईला रक्त लागतंय. बाळंतपणात फार गेलंय. नाशिकला जायचंय, गाडी आणलीय."

आम्ही स्वेटर शोधू लागलो आणि शोधता शोधता आमच्या तोंडून सहज प्रश्न गेला, "कोण रे? आपल्यापैकी आहे का कोणी?"

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नाव नाही विचारलं गुरुजी. गट तेवढा विचारला."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याने जे घडले ते सांगितले, इतकेच. पण नाशिकपर्यंतच्या रस्त्यात आम्ही फारसे बोललो नाही. रक्तपेढीत आमचे रक्त घेतले गेले. तेथे कळले की, आमची पिशवी त्या बाईला मिळणार नव्हती. प्रत्येक पिशवीच्या तपासण्या व्हाव्या लागतात. त्याच गटाची आधी तपासून ठेवलेली एक पिशवी रुग्णालयाकडे केव्हाच रवाना झाली होती आणि तिची रिकामी झालेली जागा भरण्यासाठी आमचे रक्त होते. ती बाई सुरगाण्याकडची. नवऱ्याबरोबर द्राक्षबागेत मजुरीला आलेली. ती वाचली, बाळही वाचले, एवढे आम्हांस पुढे कळले. तिला कोणाचे रक्त मिळाले ते तिला ठाऊक नाही आणि आमचे रक्त कोणाला गेले ते आम्हांस ठाऊक नाही.

आमच्या प्रश्नाने कोणाचे काही बिघडले नाही. तरीही तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. "आपल्यापैकी आहे का?" याचे उत्तर 'नाही' असे आले असते, तर आम्ही स्वेटर शोधणे थांबवले असते काय? थांबवले नसते असे आम्हांस वाटते. परंतु मग तो प्रश्न आम्ही विचारला तरी कशासाठी?

या त्रैमासिकाच्या वाचकांपैकी अनेकांनी कधी ना कधी रक्त दिले असेल, काहींना ते घ्यावे लागले असेल. म्हणून हा प्रश्न आमच्या एकट्याचा नसावा असे समजून तो येथे मांडत आहोत. रक्त कोणाचे असते? ज्याच्या शिरांतून ते वाहते त्याचे, त्याच्या घराण्याचे, त्याच्या समाजाचे, की ज्याला त्याची गरज आहे त्याचे? उत्तर देण्यापूर्वी रक्त म्हणजे काय हे पाहणे बरे. कारण ज्या वस्तूवर आपण हक्क सांगतो तिची ओळख आपल्याला बहुधा नसतेच.

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. ते गोठू न देता नळीत ठेवून यंत्रात फिरवले, तर त्याचे थर पडतात. वर पिवळसर रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा. तो सुमारे 55 टक्के. तळाशी तांबड्या पेशींचा दाट थर; तो सुमारे 45 टक्के. या दोहोंच्या मध्ये पांढुरका, कागदासारखा पातळ थर असतो. त्यात पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका, ज्यांना आपण प्लेटलेट्स म्हणतो, त्या असतात. रक्तद्रव हे बहुतांशी पाणीच आहे; पण त्या पाण्यातून क्षार, साखर, प्रथिने, रक्त गोठवणारी द्रव्ये आणि रोगांशी लढणारी प्रतिपिंडे साऱ्या देहात पोहोचतात. तांबड्या पेशी हिमोग्लोबिनच्या योगे प्राणवायू वाहून नेतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंचा सामना करतात. बिंबिका जखमेच्या तोंडाशी जमून रक्तस्राव थांबवतात. सुईच्या टोकाने बोटातून काढलेल्या लहानशा थेंबातही तांबड्या पेशींची संख्या कोटींमध्ये असते.

या पेशी येतात कोठून? आईच्या उदरात बाळाचे पहिले रक्त गर्भाबरोबर असणाऱ्या पीतक पिशवीत तयार होते, नंतर यकृतात व प्लीहेत आणि पुढे अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात. लहानपणी बहुतेक सर्व हाडे हे काम करतात. मोठेपणी ते मुख्यत्वे छातीचे हाड, फासळ्या, मणके, कवटी आणि कमरेची हाडे यांच्याकडे उरते. मज्जेत थोड्याशा मूलपेशी असतात. त्या स्वतःसारख्या पेशी निर्माण करून आपला साठा टिकवतात आणि त्यांच्यापासूनच तांबड्या, पांढऱ्या व बिंबिका अशा तिन्ही शाखा फुटतात. अंगात प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंडे एक संप्रेरक सोडतात आणि मज्जा तांबड्या पेशींचे काम वाढवते. निरोगी माणसाच्या देहात दर सेकंदाला सुमारे 20 लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात. हे वाक्य वाचून होईपर्यंत वाचकाच्या देहात एक कोटीच्या आसपास पेशींची भर पडलेली असेल आणि त्याने त्यासाठी काहीही केलेले नसेल.

तांबड्या पेशीच्या घडणीतली एक गोष्ट आम्हांस विशेष विचार करण्याजोगी वाटते. जवळजवळ प्रत्येक पेशीला केंद्रक असते. पेशीचा सारा कारभार आणि तिची आनुवंशिक ओळख त्यात साठवलेली असते. तांबडी पेशी मज्जेत वाढत असता तिलाही ते असते. परंतु रक्तप्रवाहात उतरण्यापूर्वी ती आपले केंद्रक बाहेर टाकून देते. त्यामुळे तिच्यात हिमोग्लोबिनला जागा होते आणि सूक्ष्म केशवाहिनीतून दुमडून, वाकून जाणे तिला साधते. केंद्रक गेल्यावर ती पुन्हा विभागू शकत नाही, स्वतःची डागडुजी करू शकत नाही. सुमारे 120 दिवस ती ओझे वाहते आणि झिजते. मग प्लीहेतल्या व यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळून तिच्यातले लोह काढून घेतात आणि ते लोह पुन्हा मज्जेकडे जाऊन नव्या पेशीत बसते. नव्या रक्तासाठी मज्जेला दररोज 20 ते 25 मिलिग्रॅम लोह लागते. अन्नातून त्यातले जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम येते. बाकीचे सारे मेलेल्या पेशींनी मागे ठेवलेले असते.

निसर्गातल्या व्यवस्थेतून नीतीचा धडा घाईने काढू नये, हे आम्ही जाणतो. पेशीला त्याग कळत नाही. तथापि, ज्याला आम्ही 'माझे रक्त' म्हणतो ते आम्ही निर्माण केलेले नाही, ते साठवून ठेवता येत नाही आणि देण्याची वेळ आलेल्या प्रत्येक पेशीचे आयुष्य तसेही मोजून चार महिन्यांचे आहे, एवढे तरी या माहितीतून निश्चित कळते. मालकी सांगण्यास हा आधार फार दुबळा आहे.

आता 'रक्ताचे नाते' या शब्दप्रयोगाकडे वळू. आपल्या भाषेत रक्त म्हणजे कुळ. 'रक्ताने रक्त ओढते', असे आपण म्हणतो. पण शरीरशास्त्र येथे एक आश्चर्याची गोष्ट सांगते. आईचे रक्त बाळाच्या अंगात वाहत नाही. वारेतल्या पातळ पडद्यातून प्राणवायू आणि पोषण बाळाकडे जाते, पण दोघांचे रक्तप्रवाह सामान्यतः वेगळेच राहतात. बाळ आपले रक्त स्वतःच घडवते. कित्येकदा त्याचा गट आईच्या गटाहून निराळा असतो. वडिलांच्या रक्ताचा तर प्रश्नच नाही. आईबापांकडून येतो तो रक्त घडवण्याचा आराखडा, रक्त नव्हे. अक्षरार्थाने पाहिले तर एका माणसाचे रक्त दुसऱ्याच्या शिरांतून वाहते ते रक्त दिल्या-घेतल्यानेच. म्हणजे सुरगाण्याच्या त्या बाईचे खरेखुरे रक्ताचे नाते तिच्या गावात नव्हते. कधी न पाहिलेल्या, नावही न कळलेल्या एका माणसाशी होते.

असे असूनही रक्त, कुळ आणि शुद्धता यांची गाठ माणसाच्या मनात किती घट्ट बसली आहे, याची साक्ष निफाडच्याच एका थोर पुत्राच्या चरित्रात मिळते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी निफाडला झाला. समाजसुधारणेसाठी त्यांनी आयुष्य वेचले. परंतु 1890 साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली असता तेथे चहा देण्यात आला, त्या मंडळींची नावे छापून आली आणि ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा घेतला म्हणून त्यांच्यावर ग्रामण्य उभे राहिले. रानडे त्या मंडळींत होते आणि अखेरीस त्यांनी प्रायश्चित्त घेतले. एवढ्या मोठ्या माणसालाही एका चहाच्या पेल्याने अडचणीत आणले. आज त्याच जिल्ह्यात रक्ताची पिशवी सर्व भिंती ओलांडून जाते आणि कोणी प्रायश्चित्त मागत नाही. हा बदल लहान नाही. पण ग्रामण्य करणाऱ्यांकडे बोट दाखवून आपण ख्रिस्ती लोकांनी मोकळे होऊ नये. आपल्या घरांतही सोयरीक जमवताना मूळ कोणते, पूर्वीचे कोण, हे हलक्या आवाजात विचारले जातेच. स्नानसंस्काराच्या पाण्याने सर्व एक झाले, हे आपण मिस्सात ऐकतो आणि घरी आल्यावर पुन्हा रक्त मोजू लागतो. त्या रात्री आमचा प्रश्नही त्याच सवयीतून आला होता.

कोणी म्हणेल, रक्तात भेद असतात हे तर विज्ञानही सांगते. ते खरे आहे. 1901 साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवून दिले की, सर्व माणसांचे रक्त एकसारखे नसते. त्याचे गट असतात आणि न जुळणारे रक्त दिल्यास रोगी दगावू शकतो. या शोधामुळेच रक्त देणे सुरक्षित झाले. लँडस्टायनर ज्यू कुटुंबात जन्मले होते आणि 1890 मध्ये त्यांनी कॅथोलिक पंथाचा स्नानसंस्कार घेतला होता. त्यांना 1930 चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रश्न असा आहे की, हे भेद कोणत्या रेषेवरून जातात?

याचा शोध पोलंडच्या लुडविक हिर्शफेल्ड आणि त्यांच्या पत्नी हान्ना या डॉक्टर दांपत्याने पहिल्या महायुद्धात घेतला. सालोनिका येथे अनेक देशांचे सैनिक एकत्र आले होते. त्यांत हिंदी सैनिकही होते. या दांपत्याने हजारो जणांचे गट तपासले आणि 1919 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. युरोपीय सैनिकांत 'ए' गटाचे प्रमाण अधिक आणि हिंदी सैनिकांत 'बी' गटाचे अधिक, असा फरक आढळला. पण कोणताही गट कोणत्याही एका राष्ट्राच्या मालकीचा नव्हता. प्रमाणे वेगळी होती, गट सगळीकडे तेच होते. अर्थात एखाद्या जर्मनाचे रक्त त्याच्या शेजाऱ्याशी न जुळता नाशिकच्या शिपायाशी जुळू शकत होते.

तरीही काही वर्षांनी जर्मनीत रक्ताच्या नावाने राज्य सुरू झाले. 1935 साली नाझी सरकारने केलेल्या कायद्याच्या नावातच 'जर्मन रक्ताचे संरक्षण' हे शब्द होते. पण ज्यू कोण, हे कोणत्याही रक्ततपासणीतून ठरवता येत नव्हते. म्हणून अधिकारी माणसाच्या आजी-आजोबांची धर्मनोंद पाहत. रक्ताच्या नावाने केलेला कायदा अखेरीस जुन्या वह्यांतल्या नोंदींवर उभा होता. हिर्शफेल्ड यांचा जन्म ज्यू कुटुंबातला; स्वतः ते कॅथोलिक झाले होते. त्यांचा स्नानसंस्कार त्या कायद्याच्या लेखी शून्य होता. त्यांना सहकुटुंब वॉर्साच्या घेट्टोत जावे लागले. तेथे घेट्टोच्या आत आलेल्या सर्व संतांच्या चर्चच्या धर्मगुरुनिवासात फादर मार्सेली गोडलेव्हस्की यांनी त्यांना आसरा दिला. हे फादर युद्धापूर्वी ज्यू लोकांचे विरोधक म्हणून ओळखले जात. परंतु भिंतीच्या आत कोंडलेली माणसे डोळ्यांसमोर आली, तेव्हा त्यांनी जुने मत बाजूला ठेवले आणि अनेकांना वाचवले. रक्तगटांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ आणि मन बदललेला एक धर्मगुरू एका छताखाली राहिले, ही हकीकत आम्हांस फार बोलकी वाटते. माणसाचे रक्त बदलत नाही. मन बदलू शकते.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जन्माच्या नात्याला रक्ताच्या बाबतीत काहीच अर्थ नाही, असे म्हणता येणार नाही. याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात सापडले. 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे काही रुग्ण आढळले की, ज्यांचे रक्त ठाऊक असलेल्या कोणत्याही गटाशी जुळेना. 'ए' आणि 'बी' ही लक्षणे ज्या 'एच' नावाच्या पायावर उभी राहतात, तो पायाच या लोकांच्या तांबड्या पेशींवर नव्हता. 'ओ' गटाच्या माणसाकडे तो पाया असतो. म्हणून सर्वांना चालणारे 'ओ' गटाचे रक्तही यांना चालत नाही. साध्या तपासणीत मात्र हे रक्त 'ओ' सारखेच दिसते. जगाने या गटाला मुंबईचे नाव दिले. युरोपात तो अतिशय विरळ. आपल्याकडे साधारणतः दहा हजारांत एक, असे मानले जाते. हा गट आईबाप दोघांकडून येणाऱ्या सुप्त वारशाने मिळतो. त्यामुळे असा रुग्ण आढळला की डॉक्टर प्रथम त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करतात. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणातही आधी भावंडांकडेच पाहिले जाते. जन्माच्या नात्याने येणारी जबाबदारी खोटी नाही. ती पहिली आहे. पण सख्ख्या भावंडाचे मज्जेशी जुळणे चारांत एकदाच घडते आणि मुंबई गटाच्या रुग्णाची भावंडेही बहुधा जुळत नाहीत. मग कोण्या दूरच्या गावच्या अनोळखी माणसाला शोधावे लागते. म्हणजे नाते जेथून सुरू होते तेथे संपत नाही.

हे साध्या हिशेबानेही पटेल. थॅलेसीमियाच्या गंभीर प्रकाराने आजारी असलेल्या मुलाच्या मज्जेत पुरते रक्त तयार होत नाही. त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. मोठ्या मुलाला तीन आठवड्यांनी एक पिशवी धरली, तरी वर्षाला सतरा पिशव्या होतात. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचे अंतर ठेवावे लागते, स्त्रीला चार महिन्यांचे. म्हणजे पुरुष वर्षातून फार तर चारदा देऊ शकतो. एका मुलासाठी जुळणाऱ्या गटाचे किमान पाच निरोगी पुरुष वर्षानुवर्षे हवेत. असे घर कोठे आहे? जो समाज 'आपल्यापैकी' एवढ्यालाच रक्त देईल, त्या समाजातले असे मूल जगणार नाही. 'आपला' ही मर्यादा जो आखतो, त्याच्याच घरातला कोणी उद्या तिच्या बाहेर उभा असतो.

रक्त विकत घेता येत नाही काय, असाही प्रश्न येईल. एकेकाळी आपल्या देशात ते विकले जात असे. पैशासाठी रक्त देणारे गरीब, व्यसनी, आजारी लोक रक्तपेढ्यांच्या दारांत रांगा लावत आणि आपले दुखणे लपवत. सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या जानेवारीत दिलेल्या निकालाने ही पद्धत बंद करण्यास सांगितले आणि 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणे देशात बंद झाले. आज रक्तपेढी शुल्क घेते ते तपासणीचे व साठवणुकीचे. रक्ताला किंमत नसते. रिचर्ड टिटमस या इंग्रज विद्वानाने 1970 साली आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला होता की, विकलेले रक्त अधिक धोक्याचे असते आणि विक्री सुरू झाली की फुकट देण्याची वृत्तीही खालावते. कारखान्यात रक्त करण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण आजही रुग्णालयाला लागणारे रक्त माणसाच्या अंगातूनच येते. ते कोणीतरी दिले तरच मिळते. जी वस्तू निर्माण करता येत नाही आणि विकता येत नाही, ती मागण्याचा एकच मार्ग उरतो, दार ठोठावणे.

पण येथेच आमचा विचार त्या बाईकडे परत जातो आणि थोडा अवघड होतो. तिला एवढे रक्त का लागले? प्रसूतीत रक्तस्राव कोणालाही होऊ शकतो. परंतु जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला तो लवकर मरणाच्या दारी नेतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. लोह कमी पडले की मज्जेपाशी कौशल्य असूनही रक्त घडत नाही. पेठ-सुरगाण्याची माणसे हंगामात आमच्या तालुक्यात उतरतात. एप्रिलच्या खरड छाटणीला, ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीला, घडांच्या विरळणीला, काढणीला तीच असतात. निफाडची, पिंपळगावची द्राक्षे जगभर जातात त्यामागे त्यांचे हात आहेत. अतिश्रमाला मराठीत 'रक्त आटवणे' म्हणतात. आम्ही हा वाक्प्रचार वर्गात कितीदा शिकवला असेल. त्याचा अर्थ त्या रात्री समजला. वर्षभर ज्यांचे रक्त आपण थेंबाथेंबाने आटू देतो, त्यांना एका रात्री एक पिशवी देऊन आपण स्वतःला दाते म्हणवतो. रक्तदान हे पुण्यकर्म खरेच. पण पोटभर अन्न, योग्य मजुरी आणि गर्भारपणात विश्रांती हे न्यायाचे देणे आहे. देणे थकवून दान करणाऱ्याने आपल्या औदार्याचा अभिमान बाळगू नये. वंचितांच्या तोंडून काढलेला घास देवापुढे अर्पण केल्यास तो स्वीकारला जात नाही, हे संदेष्ट्यांनी वारंवार बजावलेले आपण वाचतोच.

द्राक्षांचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. मोशेच्या नियमशास्त्रात रक्त प्राशन करण्यास मनाई होती. कारण रक्त म्हणजे जीवन आणि जीवन देवाचे, अशी इस्राएलची श्रद्धा होती. रक्त कोणाचे, या प्रश्नाला जुन्या कराराने दिलेले उत्तर असे आहे. माणसाचे नव्हे, देवाचे. अखेरच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने द्राक्षरसाचा प्याला उचलून आपले रक्त पुष्कळांसाठी ओतले जात आहे असे सांगितले, तेव्हा त्याने त्या 'पुष्कळां'ची यादी दिली नाही. त्या मेजावर त्याला दगा देणाराही बसला होता. वेदीवरचा द्राक्षरस द्राक्षांचाच, नैसर्गिक असला पाहिजे, असा आपल्या धर्मसभेचा नियम आहे. ज्या मातीत द्राक्ष पिकते तेथे राहणाऱ्या आपण ते रोज पाहतो. म्हणूनच कदाचित त्या प्याल्याचा अर्थ आपल्या लक्षात उशिरा येतो. तो प्याला ओठांना लावायचा आणि घरी येऊन 'आपल्यापैकी आहे का?' असे विचारायचे, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

मग रक्त कोणाचे? आमचे उत्तर असे की, ते ज्याच्या अंगात आहे त्याच्याकडे ठेव म्हणून आहे. ठेव सांभाळणे हेही कर्तव्यच. आपल्या देहाची हेळसांड करून, दोन दानांमधले अंतर न पाळता, आजार लपवून रक्त देणे योग्य नाही. ज्याला देता येत नाही त्याच्याकडे कमीपणा येत नाही. पण ज्याला देता येते, त्याने ठेव मागणाऱ्याचे कुळ विचारू नये. गट विचारावा, कारण तो प्रश्न मागणाऱ्याचे प्राण वाचवण्यासाठी असतो. नाव, गाव, धर्म, जात हे प्रश्न फक्त देणाऱ्याच्या समाधानासाठी असतात.

एका पिशवी रक्तात सुमारे 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असते. घेणाऱ्याच्या अंगात दात्याच्या तांबड्या पेशी फार तर चार महिने टिकतात. मग त्या मोडतात. पण लोह राहते. आपल्या देहाला ते बाहेर टाकण्याची सोय जवळजवळ नाहीच, म्हणून ते मज्जेत जाऊन त्या माणसाच्या स्वतःच्या नव्या पेशींत मिसळते. सुरगाण्याच्या त्या बाईने पुढे स्वतःचे जे रक्त घडवले असेल, त्यात कोणा अनोळख्या माणसाच्या लोहाचे कण असतील. ते रक्त आता त्याचे आहे की तिचे, हे कोणी सांगू शकणार नाही आणि सांगण्याची गरजही नाही.

त्या रात्रीनंतर आमचा विद्यार्थी आणखी काही वेळा आमच्याकडे आला. आम्ही पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही. आमच्या धर्मग्रामातल्या तरुणांनी पुढे एक वही केली. तीत प्रत्येक घरातल्या रक्त देऊ शकणाऱ्या माणसाचे नाव, गट आणि मागच्या दानाची तारीख लिहिलेली असते. घेणाऱ्यांच्या नावासाठी तीत रकाना नाही. गेल्या वर्षी आम्ही 65 वर्षे पूर्ण केली आणि नियमानुसार आमचे नाव त्या वहीतून काढण्यात आले. ती ओळ रिकामी आहे. ती भरण्यास कोणी पुढे आले, तर या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.